दास्यातील मुक्ती : ना. वा. टिळकांचे अभंग आणि नित्य ख्रिस्ती प्रार्थनेचा प्रश्न

रायपूर रेल्वे स्थानकालगतची गुढियारी ही वस्ती ज्या लोहमार्गाच्या कडेला वसली आहे, तोच मार्ग पश्चिमेकडे सुमारे ७० किलोमीटरवर राजनांदगाव व तेथून पुढे नागपूर गाठतो. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या इतिहासात या मार्गाला विशेष स्थान आहे. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले असता डब्यातील एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचा संस्कृत काव्याविषयी संवाद झाला. निरोप घेताना त्या गृहस्थाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला आणि दोन वर्षांच्या आत ते ख्रिस्ती होतील असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. धर्मांतराची कथा म्हणून हा प्रसंग वारंवार सांगितला जातो. तथापि त्या पुस्तकाने उपस्थित केलेला दुसरा प्रश्न तुलनेने उपेक्षित राहिला आहे. ज्याने स्वातंत्र्याच्या शोधात परंपरेची चौकट सोडली, त्याने रोज प्रार्थना करावी ती कोणत्या भाषेत, कोणत्या छंदात आणि कोणत्या नेमाने?

टिळक ज्या प्रदेशात उतरले तो धर्मचिंतनाच्या दृष्टीने कोरा नव्हता. १८५४ पर्यंत छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता व मराठी भाषेचा येथील कारभाराशी जुना संबंध होता. नांदगाव संस्थानची गादी वैष्णव बैरागी महंतांच्या परंपरेकडे होती. गुरू घासीदासांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निराकार सतनामाचा उपदेश करून मूर्तिपूजा व जातिभेद नाकारणारा पंथ उभा केला होता. १८६८ मध्ये आलेले जर्मन-अमेरिकन मिशनरी ऑस्कर लोर यांनी याच सतनामी समाजात कार्य आरंभून बिश्रामपूर वसवले. एका अर्थी नामस्मरण आणि मुक्ती यांचा संबंध या भूमीला परिचित होता. परंतु लोर यांच्यापुढे एक समुदाय होता, तर टिळकांपुढे फक्त एक पुस्तक आणि स्वतःचे मन. ‘गिरिप्रवचना’ने त्यांना जिंकले ते तेथील प्रीतीच्या कल्पनेमुळे. गुरू, देव आणि धर्म यांविषयीच्या त्यांच्या प्रदीर्घ शोधाला तेथे एक सजीव व्यक्ती भेटली.

बाप्तिस्म्याने हा शोध संपला, असे मात्र म्हणता येत नाही. अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात गेलेल्या वर्षांत टिळकांना एका नव्या पारतंत्र्याची जाणीव होत गेली. उपासनेतील अनेक गीते इंग्रजी चालींवर बेतलेली व भाषांतरित होती. शब्द मराठी असले तरी त्यांची वळणे परकी राहत. अशी गीते मंडळीत एकत्र म्हणता येतात. जात्यावर, वाटेवर, एकट्याच्या पहाटेत ती आपसूक ओठी येत नाहीत. नित्य प्रार्थनेचा प्रश्न येथे साहित्यप्रकाराचा प्रश्न बनतो. वारकऱ्याचा हरिपाठ हे याचे उत्तम उदाहरण होय. त्याला पुस्तक लागत नाही, पुरोहित लागत नाही, विशिष्ट वास्तूही लागत नाही. नेम मात्र लागतो. अभंगाचे लहान चरण, यमक आणि शेवटी येणारी नाममुद्रा यांमुळे तो स्मरणात राहतो व स्मरणात राहिल्यामुळे दिवसाच्या कोणत्याही प्रहरी सोबत करतो.

टिळकांनी हाच प्रकार स्वीकारला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. ‘अभंगांजली’तील रचना त्या उद्गारांचे प्रात्यक्षिक ठरतात. विरह, आर्तता, लाडिक भांडण, ऐक्याचा आनंद या वारकरी भक्तीच्या सर्व भावावस्था तेथे ख्रिस्ताला उद्देशून येतात, आणि ख्रिस्त गुरुमाउलीच्या रूपात भेटतो. ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातही त्यांच्या गीतांचा वाटा मोठा आहे.

देशी छंदातून ख्रिस्ती आशय मांडण्याचा प्रयत्न टिळकांपूर्वीही झाला होता. फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे ११,००० ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. मात्र दोन्ही प्रयत्नांतील भेद महत्त्वाचा आहे. स्टीफन्स यांची ओवी पुराणाची आहे. ती कथा सांगते, श्रोत्यांना एकत्र बसवते, शंकांचे निरसन करते. टिळकांचा अभंग संबोधनाचा आहे. त्यात श्रोता एकच, आणि तो ईश्वर. पहिला प्रकार शिकवण्यास अनुकूल, दुसरा प्रार्थनेस. १९०९ मध्ये टिळकांनी स्वतः ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध आख्यानकाव्य आरंभले व ते त्यांच्या हातून अपूर्ण राहिले, ही गोष्ट या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे.

‘अभंगांजली’तील नाममुद्रा ‘दास’ अशी आहे, आणि प्रस्तुत विवेचनाचा गाभा येथेच सापडतो. ‘तुका’ हे विशेषनाम आहे. ते गाणारा भक्त तुकारामांच्या मुखाने बोलतो. ‘दास’ ही रामदासांच्या परंपरेलाही परिचित मुद्रा, पण ती कोणाही प्रार्थना करणाऱ्याला आपली म्हणून उच्चारता येते. कवी तेथून अलगद बाजूला होतो व वाचक त्याच्या जागी उभा राहतो. पौलाच्या पत्रांतही स्वातंत्र्याची घोषणा आणि ख्रिस्ताचे दास्य या दोन गोष्टी एकाच लेखणीतून येतात. भक्तिपरंपरेतील दास्यभक्ती आणि पौलाचे दास्य यांचा संगम टिळकांच्या एका शब्दात झाला आहे. मुक्ती म्हणजे सर्व बंधनांचा अभाव नव्हे. कोणाचे बंधन मानावे याची निवड करण्याचा अधिकार म्हणजे मुक्ती, असा त्याचा अर्थ लावता येतो.

१९१७ मध्ये टिळकांनी ही निवड आयुष्यात उतरवली. मिशनच्या सेवेतून मुक्त होऊन त्यांनी ख्रिस्ती संन्यासाचा मार्ग पत्करला आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात प्रवेश होता. वेतन, संस्था आणि पंथभेद यांच्यापलीकडे ख्रिस्ताशी थेट नाते असावे, ही त्यामागील प्रेरणा होय. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले व दरबार संघटनेच्या रूपाने फार काळ टिकला नाही. अभंग टिकले. संस्थेपासून मुक्त होण्यासाठी उभारलेली संस्था अल्पजीवी ठरावी आणि रोज म्हणावयाचा छंद दीर्घजीवी ठरावा, यात टिळकांच्या स्वातंत्र्यकल्पनेचे बळ व मर्यादा दोन्ही दिसतात.

ही मर्यादा लक्ष्मीबाई टिळकांच्या चरित्राशेजारी ठेवली असता अधिक स्पष्ट होते. पतीच्या धर्मांतराने त्यांच्या वाट्याला आलेले स्वातंत्र्य त्यांनी मागितलेले नव्हते. आले ते ताटातूट, सोवळे आणि समाजाची नजर यांच्या रूपाने. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांचा प्रवास ग्रंथवाचनातून होत नाही. जात ही माणसाने निर्माण केली, हा विचार पटताच अन्न आणि पाणी यांवरील बंधने त्यांच्यापुरती गळून पडतात. १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. टिळकांची मुक्ती छंदातून बोलते, लक्ष्मीबाईंची पाण्याच्या भांड्यातून. तरीही पतीने अर्धवट सोडलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पुढे नेले. त्यातील बहुसंख्य अध्याय त्यांचे आहेत. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९३८ मध्ये ते काव्य प्रसिद्ध झाले. विरहाच्या काळात परक्या वाटलेल्या श्रद्धेला त्यांनी दीर्घकाळ ओवीत गुंफावे, हाही नित्य साधनेचाच एक प्रकार मानावा लागेल.

या संक्रमणाचा प्रवाह एकाच दिशेने वाहिला नाही, याचीही नोंद आवश्यक आहे. टिळक ज्या मिशनमध्ये होते, त्याच मिशनचे जस्टिन ॲबट यांनी उत्तरायुष्यात एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास आदींच्या चरित्रांचे व रचनांचे इंग्रजी अनुवाद ‘महाराष्ट्रातील कविसंत’ या मालेत सिद्ध केले. टिळकांचे चरित्र लिहिणारे जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापून आश्रमीय ख्रिस्ती जीवनाचा प्रयोग केला. जे देण्यासाठी आले होते ते घेणारेही झाले.

तौलनिक अभ्यासाच्या परिभाषेत याला सांस्कृतिक रूपांतरण म्हणून थांबता येईल. पण त्या संज्ञेत प्रार्थना करणाऱ्याची निकड मावत नाही. राजनांदगावच्या प्रवासात टिळकांना पुस्तक मिळाले ते एका दिवसात. त्या पुस्तकातील व्यक्तीशी रोज बोलता येईल अशी भाषा घडवण्यास त्यांना उर्वरित आयुष्य लागले. आणि ती भाषा त्यांना ज्या परंपरेतून आपण मुक्त झालो असे वाटले होते, तिच्याच अंगणात सापडली.