वाट कोणीं कोणास द्यावी?

चालण्याच्या जागेला मराठींत नांवें पुष्कळ आहेत. माणसांच्या पायांनीं आपोआप पडते ती वाट. दोन शेतांच्या बांधांमधून गुरें आणि बैलगाड्या जातात ती पाणंद. दोन भिंतींमधून अंग चोरून जावें लागतें तो बोळ. एका धंद्याच्या किंवा जातीच्या लोकांचीं घरें जिच्या दोहों बाजूंस असतात ती आळी. आणि सरकारनें खडी घालून बांधलेली ती सडक. हीं नांवें निरनिराळीं पडलीं याचें कारण त्या त्या जागेवरून जाणारे प्रवासी निरनिराळे होते, आणि त्यांची गतिही निरनिराळी होती. आज या सर्वांचें काम आम्ही ‘रस्ता’ या एकाच शब्दावर भागवितों. आणि शब्द जसा एक झाला, तसा त्यावरचा हक्कही जणूं एकाचाच झाला आहे. जो सर्वांत वेगानें जाईल, त्याचा!

या विधानांत अतिशयोक्ति आहे असें ज्यांस वाटेल त्यांनीं जालना शहरांत कुंडलिकेवरील एखाद्या पुलाच्या तोंडाशीं सायंकाळीं घटकाभर उभें राहून पाहावें. मालमोटारी, रिक्षा, दुचाक्या यांचा ओघ अखंड चालू असतो. नातवाचें दप्तर खांद्यास लावून एखादी आजी कडेला उभी असते. ती पाऊल पुढें टाकते व मागें घेते. आमच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ, ज्यांचें संध्याकाळचें फिरणें चाळीस वर्षांत क्वचितच चुकलें असेल, त्यांनीं तें गेल्या वर्षीं सोडलें. प्रकृति उत्तम आहे, दृष्टि शाबूत आहे. ‘पलीकडे जातां येत नाहीं’ एवढेंच कारण त्यांनीं सांगितलें. हें वाक्य ऐकल्यापासून वाट कोणीं कोणास द्यावी हा प्रश्न आमच्या मनांतून गेलेला नाहीं. लोक त्यास पोलिसांचा किंवा इंजिनिअरांचा प्रश्न समजतात. आमच्या मतें तो प्रथम इतिहासाचा आहे.

जालना जिल्हा हा जुन्या वाटांचाच प्रदेश. येथील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुत येथील स्तूपांस दान देणाऱ्या भोगवर्धनकरांचीं नांवें तेथील शिलालेखांत आढळतात, त्यावरून येथील लोक किती दूरवर जात असत याची कल्पना येते. इ. स. च्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक नाविकानें आपल्या प्रवासवृत्तांत पैठण हें भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर, म्हणजे आजचें तेर, हें पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचें नमूद केलें आहे. तेथील माल गाड्यांवर लादून मोठमोठ्या दुर्गम मुलखांतून बंदराकडे नेत, असेंही तो सांगतो. त्या काळीं अंतर मैलांत मोजीत नसत, दिवसांत मोजीत. म्हणजे बैलाच्या आणि माणसाच्या पावलांत मोजीत.

रस्त्यांचा शास्त्रशुद्ध विचारही प्राचीन काळींच झालेला होता. कौटिलीय अर्थशास्त्रांत प्रत्येक प्रवाशाची वाट वेगळी कल्पून तिचें माप दिलें आहे. राजमार्ग आठ दंड, म्हणजे सुमारें ४८ फूट. नगरांतील सामान्य रथ्या चार दंड, म्हणजे सुमारें २४ फूट. रथपथ पांच अरत्नि, मोठ्या जनावरांची वाट चार अरत्नि, आणि माणसें व शेळ्यामेंढ्या यांची वाट दोन अरत्नि, म्हणजे सुमारें तीन फूट. ही शेवटची वाट सर्वांत अरुंद खरी, परंतु ती अडविणाऱ्यास बारा पणांचा दंड सांगितला आहे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. पायवाट लहान असली तरी कायद्याच्या दृष्टीनें ती कोणाची तरी होती. रस्त्यांत माती टाकणाऱ्यास व चिखलपाणी तुंबविणाऱ्यासही तेथें दंड आहे, आणि राजमार्गावर तो दुप्पट आहे.

मनुस्मृतींत वाट कोणास द्यावी याची यादीच आहे. गाडींत बसलेला, नव्वदी ओलांडलेला, रोगी, ओझें वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि लग्नाचा वर यांना समोरच्यानें वाट सोडावी, असें ती सांगते. या यादींतील वृद्ध, रोगी, भारवाहक व स्त्री हे चौघे बलवान् म्हणून वाट घेत नाहींत, तर त्यांस बाजूला होणें कठीण जातें म्हणून घेतात. त्याच ग्रंथांत आणखी एक मार्मिक नियम आहे. हांकणाऱ्याच्या अनाडीपणामुळें गाडी भलतीकडे जाऊन कोणास इजा झाली, तर असा अनाडी हांक्या नेमणाऱ्या मालकालाच दोनशें पणांचा दंड. आमच्या मोटार वाहन कायद्यास हें तत्त्व स्पष्ट शब्दांत मान्य करण्यास २०१९ साल उजाडावें लागलें. अल्पवयीन मुलाच्या हातीं गाडी देणाऱ्या पालकास वा मालकास आतां २५ हजार रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. सोळा वर्षांच्या चिरंजीवाच्या हातीं कौतुकानें किल्ली देणाऱ्या पित्यांनीं हें ध्यानांत ठेवलेलें बरें.

तथापि पूर्वींचें सर्वच उदात्त होतें असें सुचविण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्या समाजानें वृद्धास व रोग्यास वाट दिली, त्याच समाजानें आपल्याच लक्षावधि बांधवांस वाट नाकारली. पेशवाईंतील पुण्यांत अस्पृश्यांस सार्वजनिक रस्त्यावरून कोणत्या अवमानानें चालावें लागे, तें डॉ. आंबेडकरांनीं १९३६ सालच्या जातिनिर्मूलनावरील आपल्या सुप्रसिद्ध निबंधांत नमूद केलें आहे. त्रावणकोरांत वैकोम येथें १९२४-२५ सालीं जो सत्याग्रह झाला तो देवळांत शिरण्यासाठीं नव्हे, तर देवळाभोंवतालच्या रस्त्यांवरून नुसतें चालतां यावें यासाठीं. म्हणून आमच्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमांत विहिरी, तलाव व स्नानाचे घाट यांच्या जोडीला ‘रस्ते’ हा शब्द मुद्दाम घातलेला आहे. रस्ता हा सर्वांचा आहे हें तत्त्व आम्हांस फुकट मिळालेलें नाहीं. त्यासाठीं लोकांनीं तुरुंग सोसले आहेत. आतां जात विचारून वाट अडविणें कायद्यास मान्य नाहीं. परंतु ज्यापाशीं चाक नाहीं, त्याची वाट आम्ही न विचारतांच अडवितों.

आतां खुद्द जालन्याकडे वळूं. हें मुळांत एक शहर नव्हे, दोन आहेत. कुंडलिकेच्या एका तीरावर जुना जालना, दुसऱ्या तीरावर कादराबाद. इ. स. १७२५ सालीं आसफजाहाच्या आज्ञेवरून काबिलखानानें येथें किल्ला बांधला, तोच मस्तगड. मूर्ति दरवाजा, हैदराबाद दरवाजा हीं नांवें तटबंदीच्या काळाचीं. सराफ, विणकर, बागवान यांच्या गर्दीनें गजबजलेल्या या गांवास लोक ‘जालना, सोने का पालना’ असें म्हणत. तटाच्या आंतील गल्ल्या वांकड्या आणि अरुंद. परंतु त्या वांकडेपणांतच एक प्रकारची सुरक्षितता होती. जेथें दर वीस पावलांवर वळण आहे तेथें घोडा उधळत नाहीं. अंधार, चिखल व दुर्गंधि या गल्ल्यांत होतीच; तिचें स्तोत्र आम्ही गाणार नाहीं. परंतु दाराशीं खेळणारें मूल आणि ओट्यावर बसलेली म्हातारी यांस त्या गल्लीची भीति नव्हती.

पुढें १८२७ सालीं येथें हैदराबाद कंटिंजंटची छावणी वसली. छावणीची आंखणी ही वेगळ्याच विद्येची. तेथील रस्ता शिपायांच्या कवायतीसाठीं व तोफखान्यासाठीं सरळ आणि रुंद असावा लागतो. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्यांतील लोहमार्ग आला. १९०३ सालीं छावणीचें लष्कर हललें. लष्कर गेलें, पण रुंद आणि सरळ तोच रस्ता चांगला, ही छावणीची कल्पना मात्र मागें राहिली आणि पुढें साऱ्या देशाच्या नगरपालिकांनीं ती उचलली.

याहून वेगळी दृष्टि त्याच सुमारास मुंबई इलाख्यांत प्रकट झाली होती. हिंदुस्थानांतील नगररचनेचा पहिला कायदा १९१५ सालीं मुंबईस झाला. त्याच वेळीं पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश विद्वान् या देशांत शहरें पाहात हिंडत होता. १९१९ सालीं मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विषयांचा तो पहिला प्राध्यापक झाला, आणि त्यापूर्वीं १९१८ सालीं त्यानें होळकर दरबारास इंदूरविषयीं मोठा अहवाल सादर केला होता. नकाशावर पट्टी ठेवून दाट वस्तींतून सरळ सडक कापूं नये. प्रथम शहर पायीं हिंडून पाहावें, नंतर एखादें पडकें घर काढून, एखादी कोंडलेली गल्ली मोकळी करून, झाड व विहीर राखून थोडक्यांत काम साधावें, असें त्याचें सांगणें. शहर सुधारण्याची ही रीत निष्णात वैद्याची आहे, कसायाची नव्हे.

जालन्यास मात्र या कायद्याचा स्पर्श झाला नाहीं, कारण तें निजामाच्या राज्यांत होतें. आणि तेथें १९१२ सालीं जें नगरसुधारणा मंडळ स्थापन झालें तें हैदराबाद राजधानीसाठीं. १९४८ सालीं मराठवाडा मुक्त झाला, १९५६ सालीं तो मुंबई राज्यांत आला, आणि १९६६ सालच्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानें त्यास इतर महाराष्ट्राबरोबर एका पंक्तीस बसविलें. तोंपर्यंत गांव वाढूं लागलें होतें. बियाण्यांच्या उद्योगानें व लोखंडी सळयांच्या कारखान्यांनीं त्याचें नांव देशभर केलें. १ मे १९८१ रोजीं तें जिल्ह्याचें ठिकाण झालें. २०११ च्या गणतींत शहराची वस्ती २ लक्ष ८५ हजारांवर गेली. २०२३ सालीं महानगरपालिका आली. बैलगाडीसाठीं पडलेल्या वाटेवरून आज सळयांनीं लादलेली मालमोटार जाते, आणि तिच्याच कडेनें मुलगी सायकलवरून शाळेस जाते.

याचा परिणाम एकट्या जालन्यास भोगावा लागत नाहीं. २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १ लक्ष ६८ हजार ४९१ माणसें मेलीं. त्यांत पायीं चालणारे ३२ हजारांवर, आणि दुचाकीवरील जवळजवळ ७५ हजार. एकट्या महाराष्ट्रांत हा आंकडा १५ हजारांच्या वर होता. एखाद्या लढाईंत इतकीं माणसें पडतीं, तर तिच्यावर पोवाडे झाले असते. आमच्याच जिल्ह्यांतील असईच्या रणांगणावर २३ सप्टेंबर १८०३ रोजीं जीं माणसें पडलीं, त्यांची आठवण आम्ही दोनशें वर्षें काढीत आहों. रस्त्यावर पडलेल्यांची आठवण तेराव्यापुरती.

यावर उपाय म्हणून ‘रस्ता रुंद करा’ असें सहज म्हटलें जातें. येथें दोन वस्तूंची गल्लत होते. महामार्ग वेगळा व शहरांतील रस्ता वेगळा. जालन्याजवळून समृद्धि महामार्ग गेला आहे. त्याचा नागपूर ते शिरडी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला. त्यावर पादचारी नाहीं, दुचाकी नाहीं, फेरीवाला नाहीं. तो वेगासाठींच बांधला आहे, आणि तें योग्यच आहे. परंतु सराफ्याचा रस्ता कोठेंतरी पोंचण्यासाठीं नसतो; आपण तेथें पोंचलेलेच असतों. तेथें थांबावयाचें, बोलावयाचें, भाजी घ्यावयाची. अशा ठिकाणीं रुंदी वाढवून वेग वाढविणें म्हणजे दुखण्यालाच खुराक देणें होय.

हॉलंडांतील डेल्फ्ट शहरांत गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत रहिवाशांनीं आपल्या गल्ल्यांत झाडें, बांक व वळणें घालून मोटारीस माणसाच्या पावलानें चालावयास लाविलें, आणि १९७६ सालीं त्या देशाच्या कायद्यानें ही रीत मान्य केली. ज्या वांकड्या गल्लीची आम्हांस लाज वाटत होती, तीच त्यांनीं हौसेनें निर्माण केली! २०२० सालीं स्टॉकहोम येथें जमलेल्या राष्ट्रांनीं, माणसें व वाहनें जेथें एकत्र येतात तेथें वेग ताशीं ३० किलोमीटरांहून अधिक नसावा, असें ठरविलें. पुण्याच्या महानगरपालिकेनें २०१६ सालीं पादचाऱ्यांविषयीं स्वतंत्र धोरण स्वीकारलें. पदपथ निदान १.८ मीटर, म्हणजे सुमारें सहा फूट मोकळा असावा, असें रस्तेबांधणीच्या भारतीय मानकांत लिहिलेलें आहे. आणि मे २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें पदपथावरून निर्वेध चालण्याचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचें सांगितलें.

येथें व्यापारी बंधु विचारतील कीं, ‘वीस फुटांच्या गल्लींत सहा फुटांचा पदपथ कोठून आणावा?’ शंका रास्त आहे. जेथें जागा नाहीं तेथें पदपथाचा हट्ट धरूं नये. तेथें संबंध गल्लीच पायीं चालणाराची समजावी, आणि वाहनानें तींत पाहुण्यासारखें, हळू व संकोचानें यावें. जेथें जागा आहे तेथें मात्र पदपथ सलग असावा, दर दुकानापाशीं चढउतार नसावा, पुलाच्या दोन्ही तोंडांशीं ओलांडण्याची उंचावलेली जागा असावी, आणि मालमोटारींस बाजाराच्या वेळीं गांवांत येऊं देऊं नये. फेरीवाल्यास हांकलून न देतां त्यासही त्याची जागा आंखून द्यावी. २०१४ च्या कायद्याचेंही तेंच म्हणणें आहे. यांतील एकाही कामास राजाचा खजिना लागत नाहीं. लागतें तें एवढेंच कीं, योजना आंखणाराने प्रथम कुंडलिकेचा पूल स्वतः पायीं ओलांडून पाहावा, आणि शक्य तर आपल्या आईस बरोबर न्यावें.

‘वाट देणें’ आणि ‘वाट पाहणें’ हे दोन्ही प्रयोग मराठींत एकाच शब्दापासून निघाले. जेथें कोणी वाट देत नाहीं तेथें दुर्बळास वाट पाहात उभें राहावें लागतें. पुलाच्या तोंडाशीं ती आजी अजून उभीच आहे.