विणकामाच्या ८ नंबरच्या सुया सगळीकडे सारख्या नसतात! असं का?

समजा, बाळंतविड्यासाठी स्वेटर विणायचा आहे. इंटरनेटवर अमेरिकन पॅटर्न मिळाला, त्यात ८ नंबरच्या सुया सांगितल्या आहेत. आजीच्या डब्यात ८ नंबरच्या सुया आहेतच. टाके बरोबर मोजून विणलं, तरी स्वेटर लहान झाला. चूक कुठे झाली?

नंबरांचा घोळ

भारतात जुन्या सुयांवर सहसा ब्रिटिश नंबर असतात. या पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकन पद्धतीत उलट, नंबर वाढला की सुई जाड.

• ३.२५ मिमी : ब्रिटिश १०, अमेरिकन ३
• ४ मिमी : ब्रिटिश ८, अमेरिकन ६
• ५ मिमी : ब्रिटिश ६, अमेरिकन ८

म्हणजे पॅटर्नला ५ मिमीची सुई हवी होती आणि विणलं ४ मिमीवर. सुई बारीक, म्हणून टाका लहान आणि स्वेटरही लहान.

कोणती सुई कशासाठी?

सरळ सुया : एका टोकाला बोंड असतं, त्यामुळे टाके निसटत नाहीत. मफलर, स्वेटरची पाठ आणि पुढचे भाग यांसाठी.

गोल सुया : दोन आखूड सुया लवचिक तारेने जोडलेल्या. टोपी किंवा स्वेटर शिवणीशिवाय गोल विणता येतो. मोठी शाल विणताना तिचं वजन मनगटांवर न येता मांडीवर राहतं.

दोन्हीकडे टोक असलेल्या सुया : ४ किंवा ५ चा संच. मोजे, हातमोजे आणि टोपीचा शेंडा यांसाठी.

वेणीची सुई : वेणीची नक्षी घालताना काही टाके तात्पुरते बाजूला ठेवायला.

धातूच्या सुयांवर टाके पटकन सरकतात. बांबूच्या किंवा लाकडी सुयांवर ते कमी घसरतात, त्यामुळे नवशिक्यांना त्या सोयीच्या.

मग चूक कशी टाळायची?

नंबर बघू नका, मिलिमीटर बघा. सुईवर लिहिलेले नसतील, तर मापाच्या भोकांची पट्टी मिळते, तिच्यात सुई घालून बघा.

त्यानंतर त्याच लोकरीचा साधारण १५ सेंमीचा चौकोन विणा, धुऊन वाळवा आणि मधल्या १० सेंमीतले टाके मोजा. पॅटर्नमध्ये २० टाके असतील आणि तुमचे २२ आले, तर २०० टाक्यांचा घेर १०० सेंमीऐवजी सुमारे ९१ सेंमी होईल. अशा वेळी थोडी जाड सुई घ्या. टाके कमी आले, तर बारीक. हा तुकडा विणायला थोडा वेळ जातो, पण अख्खा स्वेटर उसवण्यापेक्षा ते परवडतं.