कामठीची रात्रशाळा आणि उघडा कोड

एखादा वेब डेव्हलपर ‘मी स्वतःच शिकलो’ म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो, पण अर्धंच सांगत असतो. त्याला गुरू नव्हता हे खरं, पण कुणीतरी त्याच्यासाठी दार उघडं ठेवलं होतं, हे त्या वाक्यात येत नाही. शाळेबाहेरच्या शिक्षणात हे दार कोण आणि कसं उघडतं, हे पाहायला नागपूरजवळचं कामठी चांगली जागा आहे. कन्हान नदीकाठी १८२१ साली इंग्रजांनी इथे छावणी वसवली. पुढे गावात मोमीन विणकरांचे माग आले, विड्यांचा धंदा वाढला. दोन्ही कामं घरातच शिकायची. हातमाग तर पुस्तकासारखा उघडाच असतो: पायाखालच्या पावड्या, उभा ताणा, त्यातून सरकणारा धोटा, सगळं शेजारी बसलेल्या पोराला दिसतं. विडीचंही तसंच. मांडीवर सूप, भिजवलेलं तेंदूपान कात्रीने कापायचं, जर्दा भरून वळायचं, तोंड मुडपून दोरा गुंडाळायचा. मजुरी मात्र हजारावर, आणि ठेकेदार ‘छाट’ म्हणून किती बाजूला काढतो ते त्याच्या वहीत. हात सगळं शिकत होते, पण ती वही वाचता येत नव्हती.

बाबू हरदास एल. एन. यांचं काम नेमकं या वहीपाशी सुरू होतं, असं मला वाटतं. ‘जय भीम’ या अभिवादनाचे जनक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. त्यांनी १९२७ च्या सुमारास कामठीत रात्रशाळा काढल्या आणि संत चोखामेळ्याच्या नावाने ग्रंथालय उभं केलं, याची आठवण त्या मानाने कमी निघते. विडी कामगारांची संघटना त्यानंतरची. आधी अक्षर, मग संघटना, हा क्रम मला योगायोगाचा वाटत नाही. दिवसभर राबणाऱ्याला शिकायला रात्रच उरते, म्हणून शाळा रात्री.

वेबचा इतिहास याहून फार वेगळा नाही. जिथे वेब जन्मलं, त्या सर्न या संशोधन संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी वेबचं तंत्र सर्वांना विनामूल्य खुलं केलं. ब्राउझरमध्ये कुठल्याही पानाचा सोर्स पाहता येई. टॅग कुठे उघडला, कुठे मिटला, रंग कशाने आला, ते वाचायचं, उतरवायचं, मोडून पाहायचं. मागाशेजारी बसलेलं पोर हेच करत होतं. भारतात सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला आलं. पुढे एमएस-सीआयटीने महाराष्ट्राला संगणक वापरायला शिकवलं, पण वेबपान बांधायला शिकवण्यासाठी तो अभ्यासक्रम नव्हताच. ती उणीव उघड्या सोर्सने भरून काढली.

यावर कुणी म्हणेल, विडी कामगाराची साक्षरता आणि डेव्हलपरची नोकरी यांची तुलना ओढूनताणून केलेली आहे. एकाचा प्रश्न पोटाचा आणि मानाचा, दुसऱ्याचा करिअरचा. हा फरक मान्यच आहे, आणि त्याहून मोठा एक फरक आहे तो भाषेचा. रात्रशाळेत शिकणं आपल्या बोलीत होतं. वेबच्या पानावर मराठी मजकूर सुखाने बसतो, पण टॅगची नावं इंग्रजीच. म्हणजे दार उघडं असलं तरी उंबरठा उंच. माझी तुलना धंद्यांची नाही, शिकण्याच्या अटींची आहे: कामानंतरचा वेळ, फुकटात मिळणारं साहित्य आणि बसायला जागा. दुसरा आक्षेप असा, की आता फोन हातोहाती आहे, मग जागेचं काय अडलं? अडलं ते इथेच. फोन पाहायला उत्तम. पण बहुतेक फोनच्या ब्राउझरमध्ये सोर्स दाखवणारा पर्याय मेनूत सापडत नाही, आणि अंगठ्याने दोनशे ओळींचा कोड लिहिणं म्हणजे शिक्षाच. शिवाय आजच्या कित्येक पानांचा सोर्स यंत्राने असा आवळलेला असतो, की वाचून हाती काही लागत नाही. ज्या उघडेपणावर पहिली पिढी शिकली, तो निम्मा मिटला आहे.

बाबू हरदास १९३९ मध्ये, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी गेले. कन्हानकाठी दरवर्षी त्यांची आठवण जागवली जाते. त्या गर्दीत भाषणांसोबत एक मागणीही व्हावी: रात्री अकरापर्यंत उघडं राहणारं ग्रंथालय, आणि त्यात कीबोर्ड असलेले दहा संगणक.