साठविलेलें पाणी आणि विसरलेलीं नांवें

थंड देशांतील लोकांच्या करमणुकीचीं वर्णनें वाचतांना आपल्याकडील वाचकास एका गोष्टीचें नेहमीं नवल वाटतें. उत्तर अमेरिकेंत हिंवाळ्यांत मोठमोठे जलाशय गोठतात. त्या बर्फावरून माणसें निर्धास्त चालत जातात, त्याला भोंक पाडतात आणि खालच्या काळ्या पाण्यांत गळ सोडून पर्च नांवाच्या माशाची तासन् तास वाट पाहतात. मस्की नांवाचा दुसरा एक मोठा, हिंस्र मासाही कांहीं जलाशयांत दबा धरून असतो. आमच्या सातारा-सांगलीकडे असा योग नाहीं. महाबळेश्वरीं वेण्णा तळ्याच्या कांठीं एखाद्या पहांटे दंव गोठून पांढरें होतें व त्याची बातमी वर्तमानपत्रांत येते, एवढेंच काय तें आमचें हिम! परंतु साठविलेलें पाणी, त्यांतील मासे व ते धरणारीं माणसें या तिहींचा इतिहास आमच्याकडेही आहे, आणि तो केवळ करमणुकीचा नाहीं.

हें वेण्णा तळें साताऱ्याचे आप्पासाहेब महाराज यांनीं 1842 सालीं बांधविलें. डोंगरमाथ्यावरील त्या लहानशा तळ्यानें खालच्या नद्यांचें फारसें कांहीं बिघडलें नाहीं. वेण्णा माहुलीस कृष्णेला मिळे, कोयना कऱ्हाडास मिळे, वारणा सांगलीजवळ हरिपुरास मिळे. पावसाळ्यांत त्या दुथडी भरून वाहत आणि उन्हाळ्यांत त्यांचे डोह तेवढे उरत. माशांचें सारें जीवन या भरती-ओहटीवर बेतलेलें असे. खडस, म्हणजे ज्याला इंग्रज शिकारी महसीर म्हणत, तो मासा पावसाळ्यांत प्रवाहाविरुद्ध चढून वरच्या स्वच्छ, खडकाळ पाण्यांत अंडीं घाली. मरळ गवताळ कांठाशीं दबा धरी. वाम दगडांच्या फटींत राही. हें सर्व ज्यांना तोंडपाठ होतें ते भोई लोक कोणत्याही पाठशाळेंत शिकलेले नव्हते. कोणता मासा कोणत्या डोहांत, कोणत्या महिन्यांत सांपडतो, हें ओळखण्यावर त्यांची चूल पेटत असे. म्हणून प्रत्येक माशास स्वतंत्र नांव देणें ही त्यांची हौस नव्हे, गरज होती.

या नांवांचें महत्त्व प्रथम ओळखलें तें एका परक्यानें. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारच्या मुंबई लष्करांतील अधिकारी. त्यानें दख्खनच्या माशांवरील आपला निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र-संस्थेपुढें मांडला व तो 1841 सालीं तिच्या ग्रंथमालेंत छापला गेला. त्याचे बरेचसे मासे भीमेच्या खोऱ्यांतील. पण भीमा ही कृष्णेचीच उपनदी असल्यामुळें दोन्हींकडील माशांचें गोत्र एकच. नव्या जातींना नांवें देतांना साइक्सनें आपल्या मित्रांचीं नांवें कांहींना दिलीं हें खरें; परंतु पुष्कळ ठिकाणीं त्यानें नदीकांठीं ऐकलेला मराठी शब्दच उचलला आणि लॅटिनच्या पंक्तीस बसविला. खुद्री, कोलुस, नुक्ता, सिंगटी, अल्कुटी अशीं तीं नांवें आहेत. यांतील सिंगटी म्हणजे आपली शिंगटी, हें कोणासही कळेल. आजही जगांत कोठेंही या माशांविषयीं शास्त्रीय लेख लिहिला गेला, तर लेखकास नकळत मराठी शब्द उच्चारावा लागतो.

पुढें 1919 सालीं नेल्सन ॲनँडेल या शास्त्रज्ञानें सातारा व पुणें जिल्ह्यांतील लहान ओढ्यानद्यांच्या माशांवर लेख लिहिला. त्यांत वेण्णेंत मेढ्याजवळ मिळालेल्या एका बारीक, लांबट माशाचें नव्यानें वर्णन होतें. हा ॲनँडेल भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्याचा, 1916 सालीं तें स्थापन झाल्यापासूनचा, पहिला प्रमुख. त्यानें मात्र माशाचें नांव लॅटिनमधूनच घेतलें: अँग्विला, म्हणजे ईल माशासारखा.

नदीच्या माशांवर संकटें पूर्वीं नव्हतीं असें नाहीं. सुरुंगाची दारू उडवून किंवा पाण्यांत विष कालवून मासे मारण्याची चाल इतकी बोकाळली होती, कीं 1897 सालीं ती बंद करण्यासाठीं सरकारास कायदा करावा लागला. परंतु हें संकट माणसाच्या हातचें होतें. नदीचें वाहणें त्यानें थांबत नव्हतें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कोयनेवर, वांईजवळ धोम येथें कृष्णेवर, कण्हेरला वेण्णेवर आणि चांदोलीस वारणेवर धरणें झालीं. यांना दोष देण्याचा माझा हेतु नाहीं. ज्या दिव्याखालीं मी हें लिहीत आहें त्यांत कोयनेची वीज असेल, आणि आमच्या शेतांत त्या पाण्यावरच ऊंस उभा आहे. पण वाहत्या पाण्यांतील माशाला साठलेलें पाणी म्हणजे परमुलूख होय. भिंत आडवी आली, कीं खडसाची वरची वाट खुंटते.

या नव्या पाण्यांत नवे रहिवासी आले. रोहू, कटला व मृगळ हे मूळचे गंगेकडील मासे. 1957 सालीं ओरिसांत हिरालाल चौधरी यांनीं ग्रंथिरस टोंचून अशा माशांना अंडीं घालावयास लावण्याची युक्ति साधली; तेव्हांपासून त्यांचें बीज हवें तेथें नेणें सुलभ झालें. आफ्रिकेंतील तिलापिया 1952 सालीं हिंदुस्थानांत आली. बाजारांत तिला चिलापी म्हणतात. या माशांनीं पुष्कळांच्या पोटाची सोय केली. उलट खडसासाठींही कांहीं झालें: लोणावळ्यास टाटांच्या वीज कंपनीनें 1970 नंतर त्याच्या पैदाशीचें केंद्र चालविलें. शिवाय 2011 सालीं प्रसिद्ध झालेल्या कोयनेच्या पाहणींत पन्नासांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या. म्हणजे सर्वच गेलें आहे असें मानण्याचें कारण नाहीं.

मग गेलें काय? लहानपणीं आजोबांबरोबर मी हरिपुरास संगमावर जात असें. तेथें एक म्हातारा भोई ओल्या गोणपाटावर मासे मांडून, नातवंडांचीं नांवें घ्यावींत तशीं एकेकाचें नांव घेई. मला त्यांतलीं चार-पांच आठवतात. उरलेलीं विचारावयास आतां तो नाहीं. गेल्या वर्षीं वर्गांत मीं मुलांना कृष्णेंतील मासे विचारले. उत्तरें आलीं: रोहू, कटला, चिलापी. मुलें बहुतेक नदीकांठचींच होतीं. चुकलींही नव्हतीं, कारण बाजारांत तींच नांवें ऐकूं येतात. मीं फळ्यावर "खुद्री" असें लिहिलें, तेव्हां तो शब्द इंग्रजी असावा असें एकास वाटलें.

धरण पाडून नदी पूर्ववत् करणें आपल्या हातीं नाहीं. पण सातारा-सांगलीच्या कांठावर जुन्या डोहांचीं नि माशांचीं नांवें जाणणारे कांहीं वृद्ध अजून आहेत. एखाद्या सायंकाळीं वही घेऊन त्यांच्याजवळ बसणें हें काम विद्वानाचें नव्हे. तें घरांतील कोणत्याही शिकलेल्या मुलाला जमेल. साइक्सला परकी भाषा असून जें साधलें, तें आपल्याला आपल्या भाषेंत साधूं नये काय?