नर्सचा ताण: लंडनच्या वॉर्डातून ऑनलाइन कोर्सपर्यंत

नर्सेससाठी आता स्ट्रेस मॅनेजमेंटचे ऑनलाइन कोर्स असतात. ड्यूटी संपली की मोबाइल उघडायचा, व्हिडिओ बघायचे, शेवटी थोडे प्रश्न सोडवायचे की सर्टिफिकेट. पण नर्सचा ताण हा नर्सनेच शिकून आवरायचा विषय आहे, हे ठरलं कधी? ती गोष्ट आज सांगतो.

सुरुवात लंडनमधून करू. १९५० च्या दशकात तिथल्या एका मोठ्या टीचिंग हॉस्पिटलने टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटकडे मदत मागितली. गंमत म्हणजे तक्रार ताणाची नव्हतीच! अडचण होती वेळापत्रकाची. नर्सिंगचा स्टाफ सुमारे ७००, त्यातल्या पूर्ण शिकलेल्या फक्त १५० च्या आसपास, बाकी सगळ्या विद्यार्थिनी. म्हणजे हॉस्पिटल चालायचं ते शिकाऊ मुलींच्या हातांवर. वॉर्डाला माणसं हवीत आणि मुलींना शिक्षण हवंय, याचा मेळ काही बसेना.

हे काम आलं इसाबेल मेन्झीज या मनोविश्लेषक बाईंकडे. त्या वॉर्डात गेल्या, मुलींशी बोलल्या, आणि वेळापत्रक राहिलं बाजूला. साधारण एक तृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण अर्धवट सोडत होत्या, आणि त्यातल्या बहुतेक स्वतःहून.

का? मेन्झीजबाईंचं म्हणणं असं. रोज वेदना, मरण, किळसवाणी कामं, नातेवाइकांचा राग, हे सगळं नर्सच्या अंगावर येतं. ते सोसवत नाही म्हणून हॉस्पिटलने कामाची रचनाच अशी केली, की नर्स आणि पेशंट जवळ येऊच नयेत. एका नर्सने एक पेशंट पूर्ण सांभाळायचा नाही. तीस जणांची थोडीथोडी, ठरलेली कामं करायची. पेशंटला नाव नाही, बेडचा नंबर आणि बिघडलेला अवयव. कुठे जीव गुंतायच्या आत बदली दुसऱ्या वॉर्डात. साध्या साध्या गोष्टी दोनदोनदा तपासायच्या आणि निर्णय वर ढकलायचा. (आपल्याकडच्या सिस्टर हे ऐकून हसत असतील, बरं का.)

आणि खरी मेख पुढे आहे. या भिंतींनी ताण अडलाच नाही, उलट नवा तयार झाला. पेशंट बरा होऊन घरी जाताना जे समाधान मिळतं, तेही भिंतीपलीकडेच राहिलं. हुशार मुलींना डोकं चालवायची मुभा नव्हती. १९६० च्या सुमारास हा अभ्यास ‘ह्युमन रिलेशन्स’ या नियतकालिकात छापून आला. माझ्या मते नर्सच्या ताणावर इतकं स्पष्ट फार थोड्या जणांनी लिहिलंय.

मग अमेरिकेत चर्चेची दिशा बदलली. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यातल्या अनुभवावरून ‘बर्नआउट’वर लेख लिहिला. १९८१ मध्ये क्रिस्टिना मॅसलॅक आणि सुझन जॅक्सन यांनी ते मोजायची प्रश्नावली काढली. त्यात एक भाग आहे समोरच्याला वस्तूसारखं वागवण्याचा. आता बघा, मेन्झीजबाईंच्या लेखात हेच लक्षण हॉस्पिटलचं होतं. प्रश्नावलीत त्याचे मार्क एकेका नर्सच्या नावावर पडायला लागले. मॅसलॅकबाई स्वतः कामाच्या परिस्थितीकडेच बोट दाखवत आल्या, पण मार्क माणसाचे म्हटल्यावर उपचारही माणसावरच. शिकवा तिला श्वसन, शिकवा ध्यान!

याचा धोका सरकारी कागदावरही आलेला आहे. अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था, नायॉश, तिने १९९९ मध्ये कामाच्या ताणावर एक पुस्तिका काढली. त्यात सरळ म्हटलंय, की असं प्रशिक्षण स्वस्त आणि सोपं असतं, पण त्याचा गुण बऱ्याचदा थोडेच दिवस टिकतो, आणि लक्ष माणसावर राहिल्याने कामातली मूळ कारणं तशीच राहतात.

मूळ कारण किती मोठं, ते २००२ मध्ये लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांच्या अभ्यासात दाखवलं. नर्समागे एक पेशंट वाढला की बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी जास्त, आणि ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या मृत्यूची ७ टक्क्यांनी. म्हणजे हा प्रश्न बेडवरच्या माणसाच्या जिवाचाही आहे. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्येच नर्समागे पेशंट किती, याचा कायदा केला होता; तो २००४ पासून लागू झाला.

ऑनलाइन कोर्स सगळेच कुचकामी असतात असं मात्र नाही. त्याच नायॉशने २०१५ मध्ये नर्सेससाठी शिफ्ट ड्यूटी आणि लांबलेल्या तासांवर एक मोफत ऑनलाइन कोर्स आणला. झोप कशी मोडते, नाइट करून गाडी चालवताना डुलकी लागली तर काय होतं, हे त्यात आहेच. पण तो फक्त नर्सला उपदेश करत नाही, ड्यूटी लावणाऱ्या मॅनेजरसाठीही त्यात धडे आहेत. मला तो म्हणूनच आवडतो.

२०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटला आजार न म्हणता कामाशी संबंधित स्थिती म्हटलं. लगेच कोविड आला, आणि वेलनेसच्या व्हिडिओंचा पूर. तुम्हाला असा कोर्स करायला सांगितला, तर आधी त्याची विषयसूची उघडा. ड्यूटीचा तक्ता, स्टाफची संख्या, सुट्टी, यावर त्यात किती धडे आहेत ते मोजा, आणि आम्हाला जरूर कळवा.