दुर्बिणीआधीचे इंजेक्शन

पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका लहान आतड्यात जिथे उघडतात ते तोंड जेमतेम काही मिलिमीटरचे. १९६८ मध्ये वॉशिंग्टनचे शल्यविशारद विल्यम मक्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोट न फाडता, दुर्बिणीतून तिथे बारीक नळी सरकवून दाखवली. १९७४ मध्ये जर्मनीत एर्लांगेनला क्लासेन व डेमलिंग यांनी आणि जपानमध्ये क्योटोला कवाई यांनी ते तोंड कापून रुंद केले. नलिकेत अडकलेले खडे त्या वाटेने काढता येऊ लागले. आज या तपासणीला आपण ‘ईआरसीपी’ म्हणतो.

मला या इतिहासात ओढले ते दुर्बिणीने नव्हे, तिच्या आधी शिरेतून दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकाने. त्यामागची भीती खरी होती. आतडे म्हणजे जंतूंचे घर. नलिका तुंबलेली असताना क्ष-किरणात दिसणारे द्रव्य दाबाने आत भरले, तर साचलेल्या पित्तातले जंतू रक्तात शिरणार. तेव्हा एक इंजेक्शन आधीच दिलेले बरे! काही डॉक्टर तर त्या द्रव्यातच प्रतिजैविक मिसळत.

या सवयीची परीक्षा व्हायला बराच काळ गेला. १९९६ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी ५५१ रुग्णांपैकी काहींना पिपरॅसिलिनचा एक डोस आणि काहींना नुसते बिनऔषधी इंजेक्शन दिले. पित्तनलिकेच्या संसर्गात नाव घेण्याजोगा फरक पडला नाही. २०१० मध्ये कॉक्रेनच्या अभ्यासकांनी ९ चाचण्यांतले १५७३ रुग्ण एकत्र पाहिले. प्रतिजैविकाने रक्तातले जंतू घटले, संसर्गही कमी दिसला. पण पहिल्याच खेपेला तुंबलेले पित्त पुरते वाहते झाले असेल, तर तो लाभ ठळक उरत नव्हता. आपल्या घरातली मोरी तुंबली की वरून फिनेल ओतून भागत नाही, आधी बोळा काढावा लागतो. तसेच हे. तरी प्रश्न मिटला असे म्हणवत नाही. ज्यांची पित्तनलिका तुंबलेलीच आहे अशा रुग्णांवरची कोरियन चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत औषध घेतलेल्यांत संसर्ग २.८ टक्के आणि न घेतलेल्यांत ९.८ टक्के होता.

स्वादुपिंडाची गोष्ट आणखी वेगळी. ईआरसीपीनंतर सर्वाधिक छळणारी गुंतागुंत म्हणजे स्वादुपिंडाचा दाह, आणि त्याची सुरुवात सहसा जंतूंमुळे होत नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत धोका अधिक असलेल्या ६०२ रुग्णांवर चाचणी झाली. गुदद्वारातून दिलेल्या इंडोमेथासिनने हा दाह १६.९ टक्क्यांवरून ९.२ टक्क्यांवर आला. औषध जुने आणि स्वस्त. प्रतिजैविकांवर इतका खल झाला, आणि उपाय निघाला वेदनाशामकांच्या कपाटातून; मला याची गंमत वाटते.

गंमत नसलेली घटना २०१३ ची आहे. शिकागोजवळच्या एका रुग्णालयात ३९ जणांत असा जंतू सापडला की त्याच्यापुढे कार्बापेनेम गटातली राखीव प्रतिजैविकेही लंगडी पडतात. त्याच्या अंगच्या जनुकाला नवी दिल्लीचे नाव आहे; त्या नावावरून आपल्याकडे बराच संताप झाला होता. बहुतेकांची ईआरसीपी झालेली होती. दुर्बिणी धुण्यात कसूर आढळली नाही, तरी तिच्या टोकाच्या खटक्याच्या फटीत जंतू तग धरून राहिले. वायूने निर्जंतुकीकरण सुरू केल्यावर साथ आटोक्यात आली. सवयीने दिलेले नेहमीचे इंजेक्शन अशा जंतूपुढे काय करणार?

स्वादुपिंडातल्या पाण्याच्या गाठीत सोनोग्राफीच्या दुर्बिणीतून सुई घालतानाही वर्षानुवर्षे प्रतिजैविक दिले जाई. २०२० मध्ये स्पेनमधल्या डॉक्टरांनी २२६ रुग्णांवर तेही तपासले. संसर्ग एकालाच झाला, आणि तो औषध न मिळालेल्या गटातला होता. त्या एकासाठी उरलेल्या सव्वादोनशेंना सिप्रोफ्लॉक्सॅसिन द्यावे का? चाचणी करणाऱ्यांनी नको म्हटले. मीही त्यांच्याच बाजूचा. पण तो एक जण माझ्या घरातला असता तर मला हे इतक्या सहज लिहवले नसते.