विदर्भाचा पहिला रणजी करंडक

विदर्भ १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात सामील झाला. क्रिकेटमध्ये मात्र १९५७-५८ च्या हंगामापासून तो रणजी स्पर्धेत स्वतंत्र संघ म्हणूनच उतरत राहिला. महाराष्ट्र आणि मुंबई हे संघ निराळे होते. मात्र या स्वतंत्र संघाला साठ वर्षे अंतिम फेरी गाठता आली नाही.

२०१७-१८ मध्ये चित्र पालटले. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आणि ज्येष्ठ फलंदाज वासीम जाफर हे दोघेही मुंबईच्या तालमीतले. त्यांच्या शिस्तीचे श्रेय नाकारता येणार नाही. पण निर्णायक क्षणी उभी राहिली ती वैदर्भीय मुलेच. कोलकात्यातील उपांत्य सामन्यात कर्नाटकाला विजयासाठी १९८ धावा हव्या होत्या. रजनीश गुरबानीने त्या डावात ७ बळी टिपले आणि विदर्भ अवघ्या ५ धावांनी जिंकला. इंदूरच्या अंतिम सामन्यात त्यानेच दिल्लीविरुद्ध हॅट्‌ट्रिक साधली. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने १३३ धावा केल्या. १ जानेवारी २०१८ रोजी फैज फजलच्या संघाने ९ गडी राखून करंडक जिंकला.

मुंबईची मदत घेऊनही हे यश उसने नव्हते. पुढच्याच हंगामात नागपुरात, जामठ्याच्या मैदानावर, सौराष्ट्राला हरवून विदर्भाने करंडक राखला.